गॅसच्या चोरीचा पंचनामा

मलकापूर स्टेशनावर सकाळी उतरलो, तेव्हा माझ्या वळकटीतून फेस येत होता. मुंबईच्या एका गॅस कंपनीत मी नळांची गळती शोधायचं काम करतो. त्यासाठी साबणाचं दाट पाणी लागतं. ते नळाच्या जोडावर लावलं, की जिथून गॅस निसटत असेल तिथे बुडबुडे येतात. ते पाणी डब्यात भरून मी वळकटीत गुंडाळलं होतं, आणि गाडीच्या हादऱ्यांनी डबाच गळला. हमालानं वळकटी दोन बोटांत धरून विचारलं, "साहेब, अंदर काय हाये? जिवंत तं नाही ना?"

कंपनीनं मला आठ दिवसांसाठी उसना दिला होता. खेड्यांतून शेणाच्या गॅसच्या टाक्या बांधून देणाऱ्या एका संस्थेकडे अमडापूरच्या बाजूनं पत्र आलं होतं : 'आमचा गॅस चोरीस जात आहे. माहीतगार माणूस पाठवावा.' संस्थेतले लोक पोटभर हसले आणि मग त्यांना माझी आठवण झाली.

एस.टी. निघाली. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी (कपाशी) फुटलेली, आणि कापसाच्या गाड्यांमागे रस्ताभर कापसाचे पांढरे पुंजके उडत होते. राजूरचा घाट चढून बुलढाण्याला आलो तसा वारा एकदम गार झाला. तिथे गाडी बदलली, चिखलीला आणखी एकदा बदलली, आणि अमडापूरला उतरलो तेव्हा दुपार कलली होती. पुढे कोसभर बैलगाडी. त्या खेड्याचं नाव सांगत नाही; तिथली माणसं अजून एकमेकांच्या शेजारी राहतात.

ज्यांची टाकी, ते दादाराव पाटील वेशीवरच उभे होते. पन्नाशीचे, उंच, डोक्याला फेटा. राम राम झाल्यावर त्यांनी मला घरी न नेता थेट गोठ्यामागे नेलं. विहिरीसारख्या खड्ड्यात शेण-पाणी कालवलेलं, त्यावर पालथं घातलेलं लोखंडी टोपण. गॅस साठला की हे टोपण वर चढतं, वापरला की खाली बसतं. ते अगदी तळाला बसलं होतं. शेजारी एक म्हातारा काठी घेऊन उकिडवा बसला होता आणि बिडी ओढत होता.

"हा कोण?"

"पाहारा ठेवला हाये," दादाराव म्हणाले. "दिवसभर बसते. तरी माल जाऊन राह्यला."

मी आधी त्याची बिडी विझवायला लावली. म्हातारा नाराज झाला. चोर यायची वाट पाहायची तर माणसानं करावं काय, असं त्याचं म्हणणं होतं.

दादारावांचा संशय शेजारच्या घरावर होता. तिथे त्यांचे चुलतभाऊ किसनराव राहत. महिनाभर टोपण रोज भरत होतं आणि न वापरता उतरत होतं, आणि किसनरावांच्या गोठ्यात गॅसचा वास येतो असं चार माणसं सांगत होती. पोलीस पाटलांनी रीतसर पंचनामा केला होता. त्यांनी तो मला वाचून दाखवला. चोरीस गेलेला माल : गॅस. रंग : दिसत नाही. आकार : भांड्याप्रमाणे. ओळखण्याची खूण : वास.

"एक इचारतो साहेब," पोलीस पाटील म्हणाले. "हा माल पोत्यात नेता येते का पिपात?"

मी म्हटलं, गॅस न्यायला लागत नाही, तो आपण होऊन जातो. त्यांनी मान डोलावली आणि तेही लिहून घेतलं.

जेवायला वांग्याची भाजी, भेदऱ्याची (टोमॅटोची) चटणी आणि ज्वारीची भाकर होती. दादारावांच्या पत्नी वत्सलाबाई चुलीपुढे बसून भाकरी थापत होत्या. स्वयंपाकघरात इतका धूर, की मला त्यांचा आवाज ऐकू येई, चेहरा दिसत नसे. जवळ आल्या तेव्हा पाहिलं, डोळे लालभडक.

"चार दिवस गॅसवर रांधलं, भाऊ," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, आता डोळे वाचले. मंग हे चोरीचं निघालं. चोर गवसो का न गवसो, मले तेवढी शेगडी पेटवून द्या."

त्या घरात एवढी एकच शहाणी मागणी मी ऐकली.

साबणाचं पाणी तर वळकटीनं पिऊन टाकलेलं. वत्सलाबाईंनी रिठे कुटून पातेलंभर फेस करून दिला, आणि तो माझ्या साबणापेक्षा सरस निघाला. टोपणाचा सांधा न् सांधा मी त्या फेसानं माखला. अर्धं गाव गोळा झालं होतं. एकही बुडबुडा आला नाही. मग रात्रभर मी टाकीजवळची नळाची चावी बंद ठेवली. सकाळी टोपण वीतभर चढून तसंच राहिलं. मग ती चावी उघडून शेगडीजवळची बंद केली. टोपण बसत गेलं. म्हणजे गळती मधल्या नळात होती, आणि तो नळ गेला होता दोन्ही घरांच्या सामाईक भिंतीतून. भिंतीपलीकडे किसनरावांचा गोठा.

दादाराव म्हणाले, "त्याच्या आवारात आमचा माणूस पाय ठेवनार नाही."

किसनराव दारातच भेटले. लहानखुरे, अबोल गृहस्थ. "या तुम्ही," ते म्हणाले. "पन पोलीस पाटलाले लिहा लागन, का साहेब हात रिकामे घेऊन आले अन् रिकामे घेऊन गेले." सोबत आलेल्या पोलीस पाटलांनी माझे दोन्ही तळवे पाहिले आणि तसं लिहिलं.

गोठ्यात शिरलो आणि दारातच थबकलो. तिन्ही बाजूंनी भिंती, आढ्यापर्यंत रचलेला कडबा, आणि आत गॅसचा भपका. तुळईला कंदील टांगलेला.

"हा केव्हा पेटवता?"

"दिवेलागणीले. रोज."

मी कंदील काढून बाहेर ठेवला, बैल सोडायला लावले, आणि छपराचे दोन पत्रे सरकवून घेतले. अशा कोंडलेल्या जागेत एकदा एक मुकादम भाजलेला मी पाहिला होता; पण ते इथे सांगितलं असतं तर चोरीबरोबर खुनाच्या प्रयत्नाचाही पंचनामा झाला असता. वास गेल्यावर भिंतीच्या एका भेगेला फेस लावला. भेगेतून मोठमोठे बुडबुडे फुगून आले.

"पाहा," कुंपणापलीकडून दादाराव म्हणाले. "त्याच्याच घरी निघाला."

किसनरावांनी खाली मान घातली. मला ते बघवेना. मी दोरीनं भेगेची उंची आणि कोपऱ्यापासूनचं अंतर मोजलं, वळसा घालून दादारावांच्या बैठकीत गेलो, आणि तीच मापं तिथल्या भिंतीवर धरली. दोरीचं टोक एका मोठ्या तसबिरीवर आलं. टाकीच्या उद्घाटनाचा फोटो. मध्यभागी हार घातलेले दादाराव.

फोटो उतरवला. मागे वीतभर लांबीचा लोखंडी खिळा, थेट नळाच्या जोडाशेजारी ठोकलेला. गिलावा खरवडून पाहिलं, घावांनी जोडाचे आटे ढिले झाले होते. फेस लावताच तिथेही बुडबुडे आले.

"हा खिळा कोणी ठोकला?"

वत्सलाबाई आतून म्हणाल्या, "त्यायनंच. कोनाले हात लावू देला नाही."

पोलीस पाटलांनी लेखणी उचलली आणि परत खाली ठेवली. "मालकानं सोताचाच माल गमावला, हे कोन्या रकान्यात बसवू?" दादारावांनी फेटा काढून मांडीवर ठेवला होता. फेट्याविना ते फार साधे दिसत होते.

जोड उघडून मी सुतळी आणि सफेद्याचं लुकण भरून घट्ट आवळला. फेस लावला, भिंत गप्प राहिली. पण टोपण वीतभराच्या वर काही चढेना. चौकशी केली तेव्हा कळलं, निम्मं शेण किसनरावांच्या गोठ्यातून यायचं, आणि चोरीचा आळ आल्यापासून ते बंद होतं.

दादाराव जायला तयार नव्हते. "काय तोंड घेऊन जाऊ?" एवढंच म्हणत. शेवटी वत्सलाबाईंनी रिकामी पाटी उचलली आणि पलीकडे गेल्या. मी मागोमाग होतो.

"काऊन आल्या, वयनी?" किसनरावांनी विचारलं.

"शेन पाह्यजे."

"चोराच्या घरचं शेन चालते का तुमाले?"

"चालते," त्या म्हणाल्या. "चुकलं ते आमचं हाये. ते येतीन सांगाले, पन त्यायले येळ लागन. तवरिक माहे डोळे जातीन."

किसनरावांनी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. मग पाटी घेतली, स्वतः भरली आणि स्वतःच आणून टाकीत ओतली. टाकीपाशी दादाराव उभे होते. दोघं भाऊ शेण-पाणी कालवत राहिले. काठी एकच होती आणि ती ते आळीपाळीनं घेत होते.

पाचव्या दिवशी टोपण हातभर वर आलं. वत्सलाबाईंनी शेगडी पेटवली. निळी ज्योत, आवाज नाही, धूर नाही. त्या तिच्याकडे बघत बसल्या आणि चहा उतू गेला.

मी परतलो. कंपनीत कामावर रुजू झालो त्या सकाळी, दहा वर्षांच्या रोजच्या रस्त्यावर, एका कोपऱ्यावर गॅसचा वास आला. तो तिथे नेहमीच यायचा. आमच्याकडे तक्रार आल्याशिवाय रस्ता खणत नाहीत, आणि ती कोणीच केली नव्हती. शहरात हवेत काय जातं ते कोणाच्या घरचं नसतं. मी कचेरीत जाऊन अर्ज भरला.

साहेबांनी विचारलं, "तक्रार कोणाची?"

"माझी," मी म्हटलं, आणि खाली नाव लिहिलं.