आक्काला न मिळालेली परवानगी

माझ्या बहिणीला तिच्या गाण्याच्या बाईंनी फसवलं. हे मी शोकसभेतच बोलणार होतो. बाई माइकसमोर डोळे पुसत म्हणाल्या, "माझी सर्वांत गुणी शिष्या गेली. पुढच्या वर्षी मी तिला मंचावर बसवणारच होते." मी ताडकन उठलो. दाजींनी, म्हणजे आक्काच्या नवऱ्यानं, माझा दंड धरला. "पाव्हणं, खाली बसा. आज नाय." मी बसलो, राग मात्र अजून बसलेला नाही...

आक्का हर्सूलच्या आमच्या वस्तीची गाणारी. तिला कुणी शिकवलं नव्हतं. आईचं बोट धरून भीमजयंतीच्या मिरवणुकीत गात गात ती मोठी झाली. एका जयंतीला ऐन कार्यक्रमात वीज गेली, माइक मुका झाला. आक्का थांबली नाही. तिचा आवाज पार मागं, गच्चीवर बसलेल्या बायकांपर्यंत पोचला. पण तिच्या मनात एकच सल होता, की आपल्याला नीट येत नाही. म्हणून चितेगावच्या कंपनीतलं पॅकिंगचं काम संपवून ती संध्याकाळी शहरात बाईंकडे शिकायला जाऊ लागली. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, माझ्या परवानगीशिवाय चार लोकांत गायचं नाही. आणि ती जयंतीची गाणी तर बंदच, त्यांनी गळा फाटतो. आक्कानं दोन्ही मान्य केलं.

मग दुष्काळ आला. बाईंच्या नव्या कॉलनीतले बोअर कोरडे पडले. टँकरचा भोंगा वाजला की आक्का रियाझ सोडून बाईंचे ड्रम भरायला धावायची. ते ऐकून माझं डोकं फिरलं. मी जुन्या दारा-खिडक्यांचा धंदा करतो. शहर वाढतंय, जुनी घरं पडतायत, त्यावर मी उभा राहिलो. मुदत ठरल्याशिवाय मी चौकटीला हात लावत नाही. म्हणून बाईंच्या दारात जाऊन सरळच विचारलं, "बाई, आक्का गाणार कधी? मुदत सांगा." बाई हसल्या. "सुराला मुदत नसते हो. पुढच्या वर्षी बघू." त्यानंतर दर वर्षी पुढचं वर्षच होतं.

"आक्का, लई झालं शिकणं. यंदा गायचं," मी म्हणायचो.

"बाई नाय म्हणल्यात."

"श्वास बी बाईला विचारून घेती का?"

"व्हय. तो बी त्यांनीच शिकवलाय," म्हणून ती खळखळून हसायची.

शिकून फायदा झाला का, असं लोक मला आता विचारतात. खोटं कशाला बोलू? झाला. एकदा भाकरी थापताना ती स्वतःशीच गात होती आणि मी दाराबाहेर चप्पल काढता काढता थांबलो. एकच सूर तिनं इतका लांब, इतका शांत धरला, की मला आत पाऊल टाकवेना. पूर्वी तिचा आवाज लांब जायचा, आता तो आत उतरत होता. पण तो ऐकला कुणी? मी, दाजी आणि चुलीवरचा तवा.

गेल्या जयंतीला ती बायकांत मागं बसली होती. "आक्का, एक तरी म्हण!" सगळ्या ओरडत होत्या. तिनं गळ्यावर हात ठेवला आणि मान हलवली. कुणीतरी टोमणा मारला, "मोठी गवई झाली ना, आता आपल्यात कशाला गाईल!" ती उठून घरी गेली. काही महिन्यांनी कंपनीतच मेंदूत रक्तस्राव झाला. दवाखान्यात तिला शुद्ध आलीच नाही...

बाई, तिच्यात उणं काय होतं? कोणता सूर कच्चा राहिला होता? आमच्या वस्तीत या आणि त्या बायकांसमोर सांगा. परवानगीशिवाय तिनं तोंड उघडायचं नाही, हा तुमचा नियम होता ना? मग भरसभेत तिला आपली शिष्या म्हणताना तुम्ही परवानगी कुणाची घेतलीत?