देविदासरावांचा स्कोर

चार रिटायर माणसं रोज सकाळी कट्ट्यावर बसली की किस्से आपोआप साठतात. त्यातून एकाकडे कार असेल, तर बाकीच्यांची करमणूक फुकट! आमच्यात कारवाले एकच, देविदासराव.

त्यांची लेक रेवती पुण्याला असते. बाबांचं वय झालं म्हणून तिनं त्यांच्या फोनमध्ये ड्रायव्हिंगचं ॲप टाकलं. जोरात ब्रेक मारला की मार्क कट! "महिनाअखेर स्कोर ऐंशीच्या खाली आला तर चावी माझ्याकडे," तिनं बजावलं. देविदासरावांचा चेहराच उतरला. केदारखेड्याला त्यांच्या बायकोची, मालतीवहिनींची थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली. गुडघ्यांमुळे वहिनींना एसटीची पायरी चढवत नाही. बहिणींची दर रविवारची भेट या गाडीवरच चालते.

*

पहिल्याच दिवशी ते जुन्या जालन्यात कापड आणायला गेले. आधी रिक्षा आडवी आली, मग हातगाडी, मग मोकाट सांड. स्कोर एकसष्ट!

"ह्या ॲपला सांड दिसत न्हाई का?" देविदासराव तणतणले.

आमचे शेखभाई शांतपणे म्हणाले, "दिसतो ना. त्याला शंभर दिले असतील!"

*

मग शेखभाईंनीच ॲपचा अभ्यास केला. स्कोर रोजचा वेगळा निघतो, पण ज्या दिवशी गाडी जास्त धावते, त्या दिवसाला सरासरीत वजन जास्त. म्हणजे गर्दीत गाडी कमी काढायची आणि मोकळ्या रोडवर भरपूर पळवायची. झालं! आम्ही चहा प्यायला अंबडला जायला लागलो.

टपरीवाला एकदा न राहवून म्हणाला, "काका, जालन्यात चहा मिळंना झालाय का?"

"मिळतो की. पण तिथल्या चहाला किलोमीटर न्हाईत!" देविदासराव म्हणाले.

*

बाजारात जायचंच झालं तर गाडी अलीकडे लावून पुढे रिक्षानं जायचं, असं ठरलं. त्या दिवशीचा स्कोर चव्वेचाळीस!

"अरे, मी तर मागं बसून पेढे खाऊन राह्यल्तो!" देविदासराव हवालदिल.

फोन त्यांच्या खिशातच होता. रिक्षावाल्याचे सगळे ब्रेक यांच्या नावावर! त्यानंतर ते फोन गाडीत ठेवून जायचे आणि वहिनींना विचारता न आल्यानं भलतीच भाजी घेऊन यायचे.

*

वहिनी त्या ॲपकडे कधी बघायच्याच नाहीत. मी विचारलं, "वहिनी, भीती न्हाई वाटत?"

"लग्न झाल्यापास्नं ह्यांच्याच मागं बसून हिंडले. आधी सायकल, मंग स्कूटर. तव्हा कुठं होतं ॲप?"

देविदासराव उगाच आरसा पुसत बसले. मला त्या दोघांचा फार हेवा वाटला.

*

महिनाअखेर रेवती आली. स्कोर काठावर, बरोबर ऐंशी. रविवार होता. केदारखेड्याला निघताना देविदासरावांनी धीर यावा म्हणून मलाही सोबत घेतलं. रेवती पुढे बसली, मी मागे वहिनींजवळ.

गाव जवळ आलं आणि एक कोकरू रस्त्यावर पळालं. त्याच्यामागे एक चिमुरडी! देविदासरावांनी करकचून ब्रेक मारला. गाडी जागेवर थांबली. पोरगी कोकराला छातीशी धरून बघतच राहिली. तिची आई धापा टाकत आली आणि खिडकीशी हात जोडून म्हणाली, "बराबर थांबलात, बाबा."

बहिणीच्या दारात गाडी बंद केली, तेव्हा फोनवर महिन्याचा स्कोर आला. एकोणऐंशी. बहिणी-बहिणी दुपारभर बोलत बसल्या.

परत निघताना देविदासरावांनी गुपचूप चावी रेवतीपुढे धरली. तिनं ती घेतलीच नाही. मागचं दार उघडून मला म्हणाली, "काका, तुम्ही पुढं बसता का?"

ती मागे बसली, आईच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. गावाची वेस यायच्या आत तिचा डोळा लागला.

समोर ट्रॅक्टर आला. देविदासरावांचा हात हॉर्नकडे गेला, तशा वहिनी मागून हळूच म्हणाल्या, "अहो, वाजवू नका. पोरगी झोपलीय."