वाटूरची बैलजोडी

भाचीला लग्नासाठी मंठ्याहून वाटूरला नेत होतो आणि गाव समोर दिसत असताना आमची मोटार जी बसली ती बसलीच. मुहूर्त तोंडावर, नवरी रडकुंडीला!

शेजारच्या रानातला एक मिशाळ गडी नांगर सोडून बैलजोडी घेऊन आला. दोर बांधला आणि खाली उतरलेल्या आम्हाला त्यानं परत आत बसवलं.

"नवरी पायी आन् माझी बैलं रिकामी मोटार ओढणार? गावात त्यांची इज्जत ऱ्हाईल का?"

मांडवाशी बायका भाकरतुकडा घेऊन नवरीकडं धावल्या, तर हा आडवा.

"माय, आधी बैलांच्या पायावर पाणी. मोटार काय नवरीनं ओढली?"

पाणी घातलं, मुहूर्तही गाठला. नाव विचारायचं मात्र राहिलं. पुढं प्रवासाला निघताना हे मेकॅनिकची चौकशी करू लागले की मी म्हणायची, "ते ऱ्हाऊ द्या, वाटेत नांगर चालू हायेत का बघा."