वाळवलेल्या बिया

आधी कांबळे सरांचं नाव घेते, मग पार्सलचं सांगते. एडिनबराच्या एका मोठ्या बागेच्या काचघरात मला नोकरी लागली ती त्यांच्यामुळे. मी वेंगुर्ल्याची, आठवीत शाळा सोडलेली, नवऱ्यामागून इथं आलेली. इंग्लिश दुकानापुरतं. सर मूळ नागपूरचे, त्याच बागेत बियांचे जाणकार. "झाडं सर्टिफिकेट मागत नाहीत, सुमनताई," म्हणाले आणि फॉर्म स्वतः भरून दिला.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, एका एप्रिलात, सर आंबेडकर जयंतीसाठी बर्मिंगहॅमला गेले होते. नेमकं तेव्हाच हिंदी महासागरातल्या एका बेटावरून पार्सल आलं. उघडलं तर ओल्या काथ्यात गुंडाळलेल्या सुपारीएवढ्या बिया, बत्तीस. दोन-तीन बियांवर पांढरी बुरशी. सोबत फ्रेंचमधली चिठ्ठी.

या बिया काय आहेत ते सरांनी मला सांगून ठेवलं होतं. बेटावर त्या जातीची तीनच झाडं उरली होती. बाकी जंगल बाहेरून आणलेल्या पेरूनं गिळलं होतं. गावातल्या बायकांनी कमिटी केली, पेरू उपटला, बकऱ्या येऊ नयेत म्हणून कुंपण घातलं, उंदीर चढू नयेत म्हणून खोडांना पत्रे बांधले. झाड काही वर्षांतून एकदाच फळायचं. अर्ध्या बिया त्यांनी तिथंच पेरल्या, अर्ध्या आम्हाला पाठवल्या. तिकडे वादळ झालंच तर इकडे रोपं असावीत म्हणून.

बुरशी बघून वाटलं, ओलीनं सगळ्याच बिया सडणार. सुपरवायझर डंकनला विचारायला हवं होतं. पण तो भरभर बोलायचा. मी दोनदा "सॉरी?" म्हणायचे, तिसऱ्यांदा म्हणायची लाज वाटायची. मग आई करायची तसं केलं. भेंडीचं, काकडीचं बी ती धुऊन, वाळवून, राखेत घोळून ठेवायची. इथं राख कुठली? बिया धुतल्या, पुसल्या, बॉयलर रूममध्ये पाइपजवळ पेपरवर पसरल्या. चार दिवसांनी खडखड वाजायला लागल्या. लेबल लावून फ्रिजमध्ये ठेवल्या. वाटलं, सर खूश होतील.

परत आल्यावर सरांनी एक बी सुरीनं कापली. आत तपकिरी.

"सुमनताई, फणसाच्या आठळ्या घरी कशा ठेवता?"

"ओल्या मातीत. वाळल्या की..." बोलता बोलताच मला कळलं.

काही बिया सुकून झोपतात आणि पाणी मिळालं की उठतात. काही सुकल्या की मरतात. आंबा, फणस त्यातले. दमट जंगलातली पुष्कळ झाडंही. मला हे लहानपणापासून माहीत होतं. परक्या देशात ते माझं ज्ञान आहे असं वाटलंच नाही. सरांनी चिठ्ठी वाचून अर्थ सांगितला. पहिलीच ओळ होती, 'वाळू देऊ नका.'

तेवढ्यात डंकन आला. "हू ड्राइड दीज?"

मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "माय सेक्शन. माय मिस्टेक."

तो गेल्यावर मी विचारलं, "सर, खोटं कशाला बोललात?"

"खोटं कुठं? मी तुम्हाला कुंड्या धुवायला शिकवलं, बी ओळखायला नाही. आणि तुमचं प्रोबेशन संपलेलं नाहीये. गप्प बसा."

मी गप्प बसले.

उरलेल्या एकतीसही बिया पेरून पाहिल्या, एकही रुजली नाही. रोपं घेऊन सर स्वतः बेटावर जाणार होते, किती दिवस नकाशा टेबलावर मांडून बसायचे. या चुकीपायी बेटाचं सगळं काम दुसऱ्याकडे गेलं. कमिटीच्या बायकांना माफीचं पत्र सरांनीच लिहिलं, स्वतःच्या नावानं. त्यांचं उत्तर आलं: तिथं पेरलेल्यांपैकी सहा रोपं जगली आहेत, पुन्हा फळं धरली की पाठवू. त्यांनी दोष दिला नाही, त्यानं मला जास्तच लागलं.

माझी नोकरी कायम झाली. पुढं मी पुष्कळ बिया रुजवल्या. एवढंच शिकले की हातात न कळणारी चिठ्ठी असेल तर आधी विचारावं, चौथ्यांदा "सॉरी?" म्हणावं लागलं तरी.

सर आता रिटायर होऊन बर्मिंगहॅमला मुलीजवळ असतात. मी संध्याकाळच्या इंग्लिशच्या क्लासला जाते. एक दिवस त्या बायकांना आणि डंकनलाही माझ्या हातानं लिहीन की बिया मी वाळवल्या. आणि सरांचं नाव मोकळं करीन.