खिशातला चमचा

भाईंदरला जेसल पार्कच्या सायबर कॅफेत तो माझ्या शेजारच्या कॉम्प्युटरवर बसायचा. आम्ही दोघं एकाच रॉक बँडचे फॅन. त्यांचा ड्रमर कुकरचं झाकणही वाजवायचा, आणि एका जुन्या गाण्याला सगळं पब्लिक घरून आणलेले चमचे वाट्यांवर बडवायचं. माझ्या या शेजाऱ्याच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी त्यासाठीचा चमचा कायम असायचा, ऑफिसला जातानासुद्धा.

फॅन लोक बँडच्या साइटवर नव्या गाण्यांना नावं ठेवायला लागले की तो नखं कुरतडायचा. माझ्या स्क्रीनवर वाकून म्हणायचा, "जरा सांभाळून लिहा ना भाऊ. त्यांनी वाचलं तर?" मग मी अर्धं खोडायचो.

भाईंदरच्या शोला बँडने नवंकोरं गाणं घेतलं आणि ते पडलं. गायक मधलं कडवं विसरला, लोक हसले. शेवटी त्याने विचारलं, "एकच गाणं होईल. कुठलं घेऊ?" सगळे जुन्या गाण्यासाठी ओरडायला लागले. हा माझा शेजारी मात्र स्टेजपाशी गेला आणि त्याने मघाचंच नवं गाणं मागितलं. लोकांनी त्याची हुर्यो उडवली.

तो परत आल्यावर मी म्हटलं, "अहो, वर्षभर चमचा घेऊन फिरताय ना तुम्ही?"

"घाबरलाय तो गायक," त्याने हळूच सांगितलं. "आज परत नाही गायला, तर ते गाणं कधीच गाणार नाही."

बँडने जुनंच गाणं सुरू केलं. त्याचा चमचा खिशातच राहिला. मी माझा वाजवत होतो, त्याच्याकडे न बघता.