सरांच्या टोकनवर लागलेली हजेरी

धम्मप्रिया ही तिच्या गल्लीतली पहिली इंजिनिअर. सोलापुरातच एका छोट्या कंपनीत तिला ॲप तपासायचं काम मिळालं. मोबाइलवरून सर्व्हरकडे विनंती जाते, सोबत टोकन जातं. गेटपासच म्हणा. पास चालला तर आत, नाही तर दारातूनच परत.

चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याचं हजेरीचं ॲप आलं, तेव्हा ती मनातून हरखली. तिची आई मुक्ताबाई तिथंच शिलाईला होती. हंगामी बायकांतल्या ज्यांना कायम करणार होते, त्यांत तिचं नाव होतं. हजेरी तेवढी चोख हवी.

ऑफिसात मात्र एक रीत होती. जो तो मालक इंद्रजीत सरांचं टोकन चिकटवून तपासायचा. सरांना सगळी दारं उघडी.

"सर, कामगाराचं एखादं लॉगिन द्या की. तुमच्या टोकनवर सगळंच पास होतंय."

"मग नापास करायला ठेवलंय का तुला?"

सगळे हसले. तीही हसली, आणि काम पास करून मोकळी झाली.

ॲप सुरू झालं. महिना सरला नाही तोच आई भरदुपारी घरी आली. डबा उघडलासुद्धा नव्हता.

"घरी बस म्हनला सुपरवायझर. लई खाडे हायत म्हनं. बाय, येक दिवस चुकले न्हाय मी. रोज बटन दाबलं, हिरवी खूण आली की!"

धम्मप्रियानं आईच्या फोनवरून गेलेली विनंती पकडून पाहिली. नेट ठीक, पत्ता ठीक. सर्व्हरचं उत्तर मात्र एकच: परवानगी नाही. तीच विनंती सरांच्या टोकननं पाठवली, लगेच नोंद झाली. हंगामी कामगारांच्या गटाला परवानगीच दिलेली नव्हती. आणि गिऱ्हाइकाला लाल रंग आवडत नाही म्हणून सरांनी कुठल्याही उत्तराला हिरवी खूण ठेवायला लावली होती.

सरांनी चहा पिता पिता परवानगी देऊन टाकली. "झालं की. तोंड कशाला पाडतेस?"

"आधीच्या हजेऱ्या?"

"नाकारलेल्या विनंत्या आपण साठवत नाही. कुठून आणू?"

"मग चूक आपली होती, असं कारखान्याला कळवा."

"आणि पुढचं काम तुझा बाप देणार?"

ती स्वतःच आईला घेऊन कारखान्यावर गेली. सुपरवायझर चनमल्लप्पानं दारातच ऐकून घेतलं.

"कायमवाल्यांची हजेरी बरोबर लागली की. हंगामी बायांचीच कशी चुकंल? अन् हे बघ अव्वा, तुज्या आईच्या मशिनवर दुसरी बाई बसली बी."

परतताना रिक्षाची वाट बघत दोघी उन्हात उभ्या राहिल्या.

"ते तूच तपासलं व्हतंस न्हवं?" मुक्ताबाईनं विचारलं.

"व्हय."

"आन् तुला शंका व्हती?"

धम्मप्रियानं मान डोलावली.

"मग मला तरी सांगायचंस. रोज चनमल्लप्पाफुडं हुबी ऱ्हाऊन तोंडानं हजेरी दिली असती मी."

रिक्षा आली. मागची सीट मोकळी असूनही मुक्ताबाई पुढं, ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली.