बासष्ट हजारांचा हमाल

माझ्या हातात माइक आला की दिग्रसचं मैदान मोठं होतं, असं लोक म्हणतात. म्हणजे मी त्यांना तसं म्हणायला लावतो. टेनिस बॉलच्या सामन्यांचं धावतं वर्णन करता करता माझी वीस वर्षं गेली. एकदा एका कापड दुकानदारानं मारलेला षटकार मी माइकवरून थेट नेरच्या बाजारात नेला, तिथं एका म्हशीच्या शिंगात अडकवला आणि ती म्हैस शिंगातल्या चेंडूसकट एसटीनं परत आणली. कंडक्टरनं तिचं अर्धं तिकीट फाडलं. लोक अजून त्या म्हशीची विचारपूस करतात.

पुढची गोष्ट मात्र मी माइकवर कधीच सांगितलेली नाही. हिच्यात मी काही वाढवणार नाही. सवयीनं एखादी म्हैस मध्ये आलीच तर तिला बाजूनं जाऊ द्या.

मी सरकारी कचेरीत बाबू. वडील बाबू होते, आजोबाही बाबूच. आमच्या घराण्यात तीन पिढ्यांत फायलीपेक्षा जड काही कुणी उचललेलं नाही, आणि फाईलसुद्धा शिपायानं टेबलावर आणून ठेवली तरच. सकाळी खुर्चीच्या पाठीला पिशवी अडकवली की मी हजर. मग अकराच्या सुमारास बाजार समितीच्या फाटकासमोर चहाला. तिथं हमालांची एक टोळी बसायची. नऊ माणसं. त्यांच्यापुढं बोलायला मला फार आवडायचं, कारण ते ऐकून घ्यायचे.

टीव्हीवर क्रिकेटपटूंचा मोठा लिलाव झाला की माझं भाषण ठरलेलं. त्या वर्षीही मी ग्लास आपटून सुरू झालो. "एका माणसाचे कोट्यवधी रुपये! अरे, तो बुटाची नाडी बांधायला वाकते ना, तेवढ्या वेळात तुमच्या टोळीचा महिना निघते. हा काय न्याय आहे?"

टोळीचा मुकादम साठीच्या पुढचा, तोंडात मोजून चार दात. त्यानं बिडी विझवली, उरलेली कानावर ठेवली. "बराबर हाय जी. पन थो नाडी तरी बांधते. तुमी या टायमाले कचेरीत काय बांधता?"

सगळी टोळी हसली. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. मोठ्यानं हसलं की टोमणा लागला नाही असं दिसतं.

त्या टोळीत एक तिशीतला गडी होता. जेवणाच्या सुट्टीत तो यार्डात फळीनं चेंडू मारायचा. तुरीचा कट्टा, म्हणजे भरलेलं पोतं, खांद्यावरून ट्रकमध्ये टाकावा, इतक्या बेफिकिरीनं चेंडू फेकून द्यायचा. एक तर बाजार समितीच्या पत्र्यावरून उडाला तो... राहू द्या. लांब जायचा, एवढंच.

या टोळीची एक रीत होती, ती इथंच सांगतो. दिवसभराची हमाली मुकादमाच्या दुपट्ट्यात पडायची आणि संध्याकाळी तिचे सारखे वाटे व्हायचे. दणकट गड्याला आणि नुसतं 'हळू, हळू' म्हणत उभ्या राहणाऱ्या मुकादमाला वाटा एकच. हंगामात कुणी बाहेर जाऊन काही कमावलं, कुणाचं सामान हलवलं, कुठं पत्रे उतरवले, तर ते पैसेही दुपट्ट्यात आणून टाकायचे. मला हे सगळं माहीत होतं. चहाच्या टपरीवर मीच कितीदा त्याचं कौतुक केलं होतं.

तर त्या हिवाळ्यात गावातल्या दुकानदारांनी ठरवलं की आपल्याही सामन्यांना टीव्हीसारखा लिलाव पाहिजे. सहा संघ, सहा मालक: कोणी कृषी केंद्रवाला, कोणी जिनिंगवाला. प्रत्येक मालकाला एक लाख पॉइंट द्यायचे आणि त्यातून त्यानं खेळाडू घ्यायचे. पॉइंट नुसते कागदावरचे. चांगले खेळाडू एकाच संघात जमू नयेत, एवढ्यासाठी. खेळाडूला मिळणार एक टी-शर्ट आणि रोज सकाळचे पोहे. हे सगळं मोबाइलच्या ग्रुपवर सांगितलेलं होतं. गड्याकडं बटनांचा फोन. त्याचा फॉर्म मीच भरला आणि पॉइंटचं त्याला सांगायचं राहून गेलं. तेव्हा खरोखरच राहून गेलं. पुढचं मात्र तसं नाही.

लिलाव मंगल कार्यालयात होता, लिलाव पुकारणारा मी. भोंगा बाहेर, तोंड बाजार समितीकडं. पहिल्या दोन नावांना मी "आठ हजार पॉइंट, नऊ हजार पॉइंट" असं पुकारलं. कुणी मान वर करेना. पॉइंट म्हटलं की वायरमनसारखं भिंतीत पंख्याचं बटन बसवून राहिलोय असं वाटे. तिसऱ्या नावाला मी "रुपये" म्हणालो. सभागृह सरसावून बसलं. मालक एकमेकांकडं पाहून हसले. त्यांना गंमत कळली होती. मग मला कोण थांबवणार?

गड्याचं नाव आलं तेव्हा तो दाराशी उभा होता. यार्डातून तसाच आलेला, केसांत तुरीचा भुसा. "हे खांदे पाहा!" मी ओरडलो. "यवतमाळ जिल्ह्यात असे खांदे नाहीत! दात पाहायचे तेवढे राहिले!" बैलबाजारात बोलतात तसं बोललो. बोली चढत गेली. "बासष्ट हजार रुपये एक बार... दो बार..." आणि मी टेबलावर मूठ आपटली. गड्यानं सगळ्या सभागृहाला हात जोडले.

बाहेर भोंग्याखाली त्याची टोळी ऐकत उभी होती, हे मला नंतर कळलं.

सामने सुरू झाले. आठ दिवसांचा खेळ. तिसऱ्या दिवशी टपरीवर मुकादमानं मला बाजूला घेतलं.

"भाऊ, थे बासष्ट हजार फायनलच्याच दिवशी भेटतीन ना? का मंग चेकगिक देतीन?"

"कोणाला?"

"आमाले जी. टोळीले." तो समजावून सांगू लागला. "आमचा गडी तिकडं टोळीसाठीच खेळून राह्यला ना. म्हनून त्याचा वाटा आमी चालू ठेवला. आठ जन त्याचं वझं वाहून राह्यलो. तुरीचा हंगाम हाय, कंबर मोडून राह्यली. पन एकेकाले सात हजाराच्या जवळपास येतीन." मग त्यानं ते चार दात दाखवले. "मी तं कवळी बसवतो. मंग तुमच्यासारखं फटफट बोलतो."

'मुकादम, ते रुपये नाहीत, पॉइंट आहेत.' एवढंच म्हणायचं होतं. ज्या तोंडानं म्हैस एसटीत बसवली त्या तोंडाला हे जड नव्हतं. पण मला दिसत होती फायनल. मंडपात आमदार, मैदानाभोवती सगळा तालुका आणि मध्ये तो गडी. तो यार्डात परत गेला तर मी वर्णन कुणाचं करणार?

"फायनल होऊ द्या, मुकादम," मी म्हणालो. "सगळं रीतसर होते."

कचेरीत हे वाक्य मी रोज दहा जणांना ऐकवतो. जीभ सरावलेली आहे.

पुढचे पाच दिवस मी दुसऱ्या टपरीवर चहा प्यायलो.

फायनलला गड्यानं कमाल केली. लोक सांगतात की मी त्या दिवशी जन्मात बोललो नाही असा बोललो. मला त्यातलं एक वाक्यही आठवत नाही. सीमारेषेच्या बाहेर आठ माणसं धुतलेल्या कपड्यांत ओळीनं बसली होती, तेवढी आठवतात. संघ जिंकला. करंडक मालकाला गेला. गड्याला सामनावीर म्हणून मिक्सर मिळाला. पाहुणे निघून गेले आणि ते नऊ जण मंचाकडं आले. मुकादमाच्या हातात नवा कोरा दुपट्टा होता. पैसे न्यायला.

मी सांगितलं. एकदा सांगून कळलं नाही, म्हणून दुसऱ्यांदा सांगितलं. माइक बंद करायचा राहिला होता. इतक्या वर्षांत माझं खरं बोलणं भोंग्यावरून बाजार समितीपर्यंत गेलं ते त्या एकाच दिवशी.

"पन तुमी रुपये म्हनलं होतं ना, भाऊ," गडी म्हणाला.

मुकादमानं त्याला हातानं थांबवलं. "तिसऱ्या दिवशी मी इचारलं, तवा तुमाले मालूम होतं?"

"हो."

"मंग तवाच काहून नाई सांगतलं जी?"

त्यानं शिवी दिली असती तर मी काहीतरी रचून बोललो असतो. पण तो 'जी' म्हणाला होता. टोळीतल्याच एकानं मिक्सर हातात घेऊन फिरवून पाहिला. "मुकादम, याचे नऊ वाटे कसे करता गा?" दोघेतिघे हसले. गडी हसला नाही. आठ दिवस दुसऱ्यांच्या कंबरेवर खाल्लं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि ते तिथं मी ठेवलं होतं.

सोमवारी मी एका पाकिटात गड्याच्या आठ दिवसांच्या वाट्याचे पैसे घालून यार्डात गेलो. मुकादम पाकिटाला हात लावेना.

"दुपट्ट्यात उचलनाऱ्याचेच पैसे पडते, भाऊ."

"मग मी काय करू?"

"उचला."

माइकवर सांगायचं असतं तर मी चाळीस कट्टे उचलले असते आणि एक ट्रकही. खरं सांगतो, दीड उचलला. पहिला ट्रकला लावलेल्या फळीवरून वर गेला, तोही खालून गड्यानं एका हाताचा टेकू दिला म्हणून. दुसरा अर्ध्या वाटेत खांद्यावरून सटकला, फुटला आणि यार्डभर तूर झाली. आठ जण वाकून तूर गोळा करू लागले, नववा माझ्यासाठी पाणी आणायला गेला. तो गडीच होता.

"बसा, भाऊ," तो म्हणाला. "पह्यल्या दिवशी मले बी असंच झालतं." तो खोटं बोलत होता. खोटं मला ओळखू येतं.

दिवस मावळेपर्यंत मी वजनकाट्याजवळ बसून राहिलो. मग मुकादमानं दुपट्टा पसरला. मी पाकीट टाकलं. आता त्यानं ते घेतलं, उघडलं, दिवसाच्या हमालीत मिसळलं आणि सगळ्याचे दहा वाटे केले.

दहावा माझ्यापुढं सरकवला.

"मला कशाला?" मी म्हणालो. "मी तर दीडच..."

"दुपट्टा कट्टे नाई मोजत जी. घ्या." तो हसला तेव्हा मी त्याच्या दातांकडं पाहिलं नाही. "बाहीरची कमाई टाकली, वझं उचललं. टोळीतले झाले तुमी आजच्या दिवसापुरते."

मी भरपाई द्यायला गेलो होतो. तिचाही दहावा हिस्सा माझ्याच हातात परत आला. वर त्यांच्या हमालीचा वाटा, जो मी रोज दुपारच्या जेवणाआधी खुर्चीतून न उठता कमावतो. टीव्हीवरचा खेळाडू नाडी बांधायला वाकतो तेव्हा किती कमावतो, याचा हिशोब मला तोंडपाठ होता. मी न वाकता किती कमावतो, हे मी कधी टपरीवर सांगितलं नव्हतं.

मी तो वाटा खिशात घातला. नको म्हणायचा हक्क उरलेला नव्हता.

आणखी एक गोष्ट राहिली. त्या सोमवारी मी कचेरीतून किरकोळ रजा घेतली होती. ती भरपगारी असते. म्हणजे त्या दीड कट्ट्याचा मला दिवसाचा पूर्ण पगारही मिळाला. टोळीच्या रीतीनं बाहेरची कमाई दुपट्ट्यात टाकायची असते. मुकादमानं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.